ठरावधारक तासगावचा, डेलिगेट आयोवाचा

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की २००८ साली मिशिगन राज्यातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, मतपत्रिकेवर बराक ओबामांचं नावच नव्हतं, आणि तरी पुढे पक्षाचे उमेदवार तेच झाले. या एका वाक्यावर कोरेगावपासून जतपर्यंत इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच देते. वारसनोंद, गुंठेवारी आणि ग्रामसभेचे प्रश्न पुढच्या अंकात. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये.

आधी त्या वाक्याचा खुलासा. मिशिगन आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी पक्षाने आखून दिलेल्या तारखेच्या आधीच मतदान उरकलं. शिक्षा म्हणून पक्षाने त्यांचे सगळे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी, बाद केले. ओबामांनी मिशिगनमधून नाव मागे घेतलं, त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी ठेवलं. क्लिंटनना ५५ टक्के मतं पडली आणि ४० टक्के लोकांनी ‘कुणालाही बांधील नाही’ या खान्यावर खूण केली. मेअखेरीला पक्षाच्या समितीने तोडगा काढला: डेलिगेटना बसू द्या, पण प्रत्येकाचं मत अर्धं. मिशिगनचे ६९ डेलिगेट क्लिंटनना, ५९ ओबामांना. ज्याचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं त्याला ५९! पुढे अधिवेशनात सगळ्यांना पूर्ण मत परत मिळालं, पण तोवर निकाल लागून गेला होता.

मॅडम, आपल्याकडे तिकीट वर ठरतं आणि एबी फॉर्म घेऊन माणूस खाली येतो. अमेरिकेत म्हणे मतदारच तिकीट देतात. मग मध्येच हे डेलिगेट कुठून आले?
— निवृत्त एसटी वाहक, कोरेगाव

वाहकसाहेब, जिल्हा बँकेची निवडणूक डोळ्यांसमोर आणा. सोसायटी गटातून संचालक निवडायचा तर सोसायटीचे पाच-सातशे सभासद मतदानाला जात नाहीत. सोसायटी ठराव करते, त्यात एका माणसाचं नाव घालते आणि तो एकटा सगळ्यांच्या वतीने मत देऊन येतो. माझे यजमान तासगाव तालुक्यातल्या एका सोसायटीत सचिव होते. ठराव कुणाच्या नावाने करायचा, या एका प्रश्नावर आमच्या ओसरीवर रात्री अकरा-अकरापर्यंत बैठका चालायच्या आणि चहाची भांडी माझ्या वाट्याला यायची. तेव्हापासून ‘प्रतिनिधी’ या प्रकरणाशी माझं जुनं वैर आहे.

डेलिगेट म्हणजे तिकडचा ठरावधारक. फरक एकच, पण मोठा. आपल्या ठरावात माणसाचं नाव असतं, तो मत कुणाला देणार हे नसतं. म्हणून तर मतदानाच्या आधी ठरावधारक गावातून गायब होतात आणि कुठल्याशा हॉटेलात त्यांची बडदास्त चालते. तिकडे मतदार थेट उमेदवाराच्या नावावर खूण करतो. त्या मतांच्या हिशोबाने राज्याच्या वाट्याचे डेलिगेट उमेदवारांत वाटले जातात. कोणता डेलिगेट कुणाचा, हे आधीच ठरलेलं. मग उन्हाळ्यात पक्षाचं अधिवेशन भरतं, तिथे एकेका राज्याचं नाव पुकारतात आणि ज्याच्याकडे निम्म्याहून एक जास्त तो उमेदवार. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात ३,९७९ पैकी १,९९१ लागत होते. २०२४ मध्ये रिपब्लिकनांना २,४२९ पैकी १,२१५.

मतदाराला विचारण्याची ही पद्धत फार जुनी नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात उमेदवार ठरायला १०३ फेऱ्या झाल्या, कारण तेव्हा दोन तृतीयांश मतांची अट होती. पंधरवडाभर घाम गाळून जॉन डेव्हिस यांचं नाव निघालं आणि ते नोव्हेंबरात पडले. १९६८ ला तर कमाल झाली. ह्यूबर्ट हम्फ्री एकाही राज्याच्या प्रायमरीत उतरले नव्हते, तरी शिकागोच्या अधिवेशनात नेत्यांच्या बळावर उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना पोलीस बडवत होते आणि ते टीव्हीवर सगळा देश बघत होता. त्या लाजेपायी पक्षाने सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, नियम बदलले आणि डेलिगेट निवडण्याचा अधिकार सामान्य मतदारांच्या हातात आला. नव्या नियमांनी १९७२ मध्ये पहिला उमेदवार कोण झाला असेल? मॅकगव्हर्नच. नियमावली ज्याने लिहिली त्याला ती पाठ असणारच. मग ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले, तो भाग वेगळा.

बाई, मी असं वाचलं की २००८ ला न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन जिंकल्या तरी डेलिगेट दोघांना सारखेच मिळाले. जास्त मतं म्हणजे जास्त डेलिगेट, असं साधं गणित का नाही?
— बारावीचा विद्यार्थी, विटा

बरोबर वाचलंस. क्लिंटन ३९ टक्के, ओबामा ३६ टक्के, आणि डेलिगेट नऊ-नऊ. वही घे.

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, पण ज्याला १५ टक्के मिळाले नाहीत त्याला काही नाही. शिवाय सगळे डेलिगेट राज्याच्या एकूण मतांवर ठरत नाहीत. बरेचसे एकेका मतदारसंघात स्वतंत्र वाटले जातात. आता समज, एका मतदारसंघात चार डेलिगेट आहेत आणि दोनच उमेदवार. एकाला ६० टक्के मतं पडली. चाराचे ६० टक्के म्हणजे २.४. म्हणजे दोन. दुसऱ्यालाही दोन. साठ-चाळीसने जिंकूनही बरोबरी! तिसरा डेलिगेट हवा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जायला हवं. शेजारच्या मतदारसंघात पाच डेलिगेट असतील तर तिथे ५१ टक्क्यांवर तीन-दोन होतात. आता तू उमेदवाराचा प्रचारप्रमुख आहेस आणि तुझ्याकडे माणसं थोडी आहेत. कुठे पाठवशील? चारच्या मतदारसंघात साडेबासष्टच्या वर जायला जिवाचं रान करशील, की पाचच्या ठिकाणी एका टक्क्यासाठी झटशील?

ओबामांच्या माणसांनी हेच केलं आणि तेही फार बारकाईने. ५ फेब्रुवारी २००८ ला एकाच दिवशी वीसहून अधिक राज्यांत मतदान होतं. क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकलं. अकरा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि डेलिगेट पडले ५९ विरुद्ध ४८. फायदा अकराचा. त्याच दिवशी आयडाहो या डोंगराळ राज्यात, जिथे डेमोक्रॅट औषधाला सापडतो, एकवीस हजारांच्या आसपास माणसं जमली. ओबामांना १५, क्लिंटनना ३. फायदा बाराचा! अकरा लाखांच्या राज्यापेक्षा एकवीस हजारांचं राज्य भारी पडलं. कारण तिथे ओबामांनी आधीच कार्यालयं उघडली होती, बॉइझी शहरात सुमारे १४ हजारांची सभा घेतली होती, आणि समोरच्या बाजूला कुणी फिरकलंच नव्हतं.

टेक्सासची गोष्ट याहून मजेची. तिथे त्या वर्षी दिवसा मतदान आणि संध्याकाळी त्याच लोकांची बैठक, असं दुहेरी काम होतं, आणि डेलिगेट दोन्हींतून ठरायचे. मतदानात क्लिंटन सुमारे ५१ विरुद्ध ४७ ने पुढे. संध्याकाळच्या बैठकीला परत यायचा दम ओबामांच्या लोकांत जास्त होता. हिशोब संपला तेव्हा डेलिगेट ओबामांना ९९, क्लिंटनना ९४. आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. तिथल्या मतदारसंघांना डेलिगेट किती द्यायचे हे लोकसंख्येवर ठरत नव्हतं. आधीच्या निवडणुकांत, म्हणजे २००४ आणि २००६ ला, तिथून पक्षाला किती मतं पडली होती त्यावर ठरत होतं. ऑस्टिन शहराच्या मतदारसंघाला आठ, ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मतदारसंघाला सात. दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या सीमेवरच्या मतदारसंघांत क्लिंटनना भरभरून मतं होती, पण तिथले लोक आधी मतदानाला कमी आले होते, म्हणून त्यांच्या वाट्याला तीन-चार. चार वर्षांपूर्वी घरी बसलेल्यांच्या आळसाची किंमत क्लिंटन यांनी मोजली.

रिपब्लिकन पक्षात राज्याराज्यांचे नियम निराळे. काही ठिकाणी पहिला येईल त्याला सगळं. २०१६ ला साउथ कॅरोलिनात डोनाल्ड ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं होती, म्हणजे तीनातल्या दोघांना ते नको होते, आणि डेलिगेट मिळाले पन्नासपैकी पन्नास. विरोधातली मतं चार-पाच जणांत वाटली गेली की असं होतं. हे आपल्या जिल्हा परिषदेच्या गटात तू बघितलं असशीलच.

तुला एक उदाहरण घालते. सहा डेलिगेटचा मतदारसंघ, उमेदवार दोन. चार-दोन व्हायला किती टक्के हवेत? उत्तर पत्राने कळव, रीतही दाखव.

माझा पुतण्या दिवसभर मोबाइलवर तिकडच्या सभांची गर्दी दाखवतो आणि म्हणतो, काकू, हाच येणार. मी म्हणते, गर्दी बघायला येते, मत द्यायला येतेच असं नाही. आमच्या दोघांत बरोबर कोण?
— पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक वाचक, वाई

ताई, बहुतेक वेळा तुम्ही. पण पुतण्याही एकदा जोरात बरोबर ठरला आहे, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करते.

३ जानेवारी २००८. आयोवा राज्य, कडाक्याची थंडी. चार वर्षांपूर्वी तिथल्या डेमोक्रॅटिक कॉकसला, म्हणजे उमेदवार ठरवायला भरणाऱ्या मतदारांच्या बैठकांना, सव्वा लाखाच्या आत माणसं आली होती. या वेळी जवळपास दोन लाख चाळीस हजार आली. दुप्पट! त्यांतले कितीतरी पहिल्यांदाच आलेले. ओबामा पहिले, क्लिंटन तिसऱ्या. सभांना जी गर्दी होती ती त्या रात्री खरोखर शाळांच्या हॉलमध्ये येऊन उभी राहिली. ती कशी उभी राहिली? गावोगावी कार्यालयं होती, एकेका मतदाराच्या घरी पुन्हा पुन्हा जाणारी पोरं होती, तुमची गाडी नसेल तर आम्ही न्यायला येतो म्हणणारी शेजारीण होती.

आता उलटा दाखला. २००४ साली त्याच आयोवात हॉवर्ड डीन नावाचे उमेदवार होते. इंटरनेटवरून पैसा धो-धो, गर्दी अफाट, वर्तमानपत्रांत तेच. शेवटच्या आठवड्यांत त्यांच्यासाठी देशभरातून हजारो तरुण स्वयंसेवक आले, डोक्यावर केशरी टोप्या घालून दारोदार फिरले. आयोवाच्या शेतकऱ्याने दार उघडलं, समोर अनोळखी पोरगा, टोपी भडक, बोली वेगळी. डीन तिसरे आले, १८ टक्क्यांवर. उत्साह खरा होता, पण तो आयोवाचा नव्हता आणि मत फक्त आयोवाच्या माणसाला होतं.

२०२० ला मी लेकीकडे आयोवात होते, वेस्ट डे मॉइनला. तिला मताचा हक्क नाही, मला तर नाहीच, पण निरीक्षक म्हणून कोपऱ्यात बसू द्यायचे. शेजारच्या निवृत्त नर्सबाई आम्हा दोघींना घेऊन गेल्या. शाळेची व्यायामशाळा, बास्केटबॉलच्या रेषा आखलेली जमीन, भिंतीला एकेका उमेदवाराचे फलक. ज्याला जो हवा त्याने त्या फलकाखाली जाऊन उभं राहायचं. गुप्त मतदान नाही! सासू एका भिंतीला, सून दुसऱ्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग मोजणी, डोकी मोजून. ज्या गटात १५ टक्के भरले नाहीत तो गट मोडायचा आणि त्यातल्या माणसांनी दुसऱ्या भिंतीकडे जायचं किंवा घरी. आमच्या नर्सबाई एमी क्लोबुशार यांच्या फलकाखाली विणकाम घेऊन बसल्या होत्या. गट थोडक्यात कमी पडत होता. विणकाम पिशवीत टाकून त्या उठल्या आणि समोरच्या भिंतीवरच्या मोडलेल्या गटातल्या एका जोडप्याला अशा काही गोडीगुलाबीने वळवून घेऊन आल्या की आमच्याकडच्या सोसायटीत असत्या तर दहा वर्षं चेअरमन राहिल्या असत्या. दुसरीकडे एक तरुण बाप होता, खांद्यावर मूल पेंगलेलं. त्याचा गट मोडला, त्याने घड्याळ पाहिलं, मुलाला जॅकेट घातलं आणि निघून गेला. डेलिगेटच्या हिशोबात त्याचं मत शून्य. त्याला उत्साह नव्हता असं मी म्हणणार नाही. मुलाची झोपायची वेळ झाली होती.

ताई, उत्साह म्हणतात तो हा. कोण किती वेळ उभा राहू शकतो. रात्रपाळीचा कामगार, लहान मुलाची आई, गुडघेदुखीचे आजोबा, यांचा उत्साह अशा कॉकसमध्ये मोजलाच जायचा नाही. त्या रात्री निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं आणि राज्याचा निकाल दिवसेंदिवस लटकला. शेवटी कळलं की जास्त माणसं बर्नी सँडर्स यांची होती, पण डेलिगेट पीट बुटिजेज यांना १४ आणि सँडर्सना १२. सँडर्स यांची गर्दी विद्यापीठांच्या गावांत एका जागी दाटलेली. बुटिजेज यांची थोडी-थोडी, पण सगळीकडे.

आणि गर्दी नसलेला माणूस कसा जिंकतो ते त्याच वर्षी दिसलं. जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. त्यांच्या सभांना खुर्च्या रिकाम्या. पुतण्याने तेव्हा मोबाइल दाखवला असता तर बायडेनचं नावही घेतलं नसतं. मग आलं साउथ कॅरोलिना. तिथले डेमोक्रॅटिक मतदार निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. त्यांचे जुने नेते जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडेन यांना पाठिंबा जाहीर केला. २९ फेब्रुवारीला चर्चमध्ये जाणाऱ्या, पन्नाशी-साठी उलटलेल्या बायकांनी, ज्या कुठल्या सभेला नाचायला गेल्या नव्हत्या, रांगा लावून बायडेन यांना जवळजवळ निम्मी मतं दिली. लगेच बुटिजेज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन बायडेनना पाठिंबा दिला. ३ मार्चला एकाच दिवशी मतदान झालेल्या १४ राज्यांपैकी १० बायडेनची. मिनेसोटासारख्या राज्यात तर त्यांनी धड प्रचारही केला नव्हता. व्हर्जिनियात २०१६ ला पावणेआठ लाखांवर मतदान झालं होतं, ते या वेळी तेरा लाखांच्या वर गेलं. माझं मत विचाराल तर हा उत्साह बायडेन यांच्याविषयीचा नव्हता. ट्रम्पना हरवेल असा कुणीतरी हवा, ही घाई होती. पण घाईने दिलेलं मतही मतच.

पैशाचं एका वाक्यात सांगते: त्याच निवडणुकीत मायकेल ब्लूमबर्ग यांनी ५० कोटी डॉलरहून जास्त स्वतःचे घातले आणि एकच ठिकाण जिंकलं, अमेरिकन सामोआ नावाची प्रशांत महासागरातली बेटं. तिथे साडेतीनशेच्या आसपास मतदार आले होते.

सुपरडेलिगेट म्हणजे मागच्या दाराने आत घेतलेले मतदार, असं म्हटलं तर चुकेल का?
— वकील, सांगली

फारसं नाही, वकीलसाहेब. १९७२ चा सणसणीत पराभव आणि १९८० ची राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि त्यांना पक्षातूनच आव्हान देणारे केनेडी यांची भांडणं पाहून पक्षातल्या जुन्या मंडळींना वाटलं, सगळंच मतदारांवर सोडलं तर फार होतं. म्हणून १९८४ पासून खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना कुणाच्याही मतांशी न बांधलेलं स्वतंत्र मत दिलं. तुमच्या भाषेत पदसिद्ध सभासद. २००८ ला असे आठशेहून जास्त होते.

२०१६ ला यावरून मोठा तमाशा झाला. पहिलं मत पडण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेट क्लिंटनकडे आहेत असं टीव्हीवरच्या तक्त्यांत दिसायचं. सँडर्स यांच्या पोरांना वाटलं, सामना सुरू होण्याआधीच धावफलक भरलाय. क्लिंटनना सामान्य मतदारांचीही मतं जास्तच होती, सुमारे एक कोटी ६९ लाख, सँडर्सना एक कोटी ३२ लाखांच्या आसपास. सुपरडेलिगेट नसते तरी त्याच जिंकल्या असत्या. पण ज्याला आधीपासून वाटतंय की निकाल ठरलेलाच आहे, तो मतदानाच्या दिवशी चप्पल घालत नाही. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला: पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही, निकाल आधीच उघड असेल तर गोष्ट वेगळी. मला हे पटलं. ज्येष्ठांनी सल्ला द्यावा, तराजूत अंगठा घालू नये.

दुसऱ्या पक्षाचे लोक येऊन मुद्दाम कमकुवत उमेदवार निवडून देत नाहीत का? आपल्याकडे असतं तर पहिला उद्योग तोच झाला असता.
— औषध दुकानदार, कऱ्हाड

झालाच असता! तिकडे मुद्दाम खोडी काढायला जाणारे थोडे असतात. कुंपणावरचे मात्र पुष्कळ असतात. काही राज्यांत कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. २००० साली जॉन मॅकेन यांनी अशाच अपक्ष मतदारांच्या जोरावर न्यू हॅम्पशायर आणि मिशिगनमध्ये जॉर्ज बुश यांना पाडलं होतं. काही राज्यांत मात्र मतदारयादीत पक्ष नोंदवलेला असावा लागतो. न्यूयॉर्कचा नियम तर तेव्हा इतका कडक होता की २०१६ च्या एप्रिलमधल्या मतदानासाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली. ती दोन जणांनी चुकवली आणि त्यांना वडिलांना मत देता आलं नाही: इव्हांका ट्रम्प आणि एरिक ट्रम्प. सख्ख्या लेकरांचा उत्साहसुद्धा फॉर्मच्या तारखेपुढे चालत नाही.

डेलिगेट फुटतात का? आमच्याकडे ठरावधारक फुटायचा भाव ठरलेला असतो.
— माजी सरपंच, जत

सरपंच, भावाबद्दल तुम्हीच जास्त जाणता. तिकडे बांधलेले डेलिगेट सहसा फुटत नाहीत, कारण उमेदवाराची माणसं नावं पारखूनच यादीत घेतात. ओढाताण होते ती मोकळ्या डेलिगेटांची. १९७६ साली रिपब्लिकन पक्षात राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि रोनाल्ड रेगन यांची अटीतटी होती. लागत होते ११३०, आणि दोघांकडेही पुरेसे नव्हते. मग फोर्ड यांनी मोकळ्या डेलिगेटना व्हाइट हाउसमध्ये मेजवान्या दिल्या. ४ जुलैला देशाच्या द्विशताब्दीचा जहाजांचा सोहळा बघायला न्यूयॉर्कच्या बंदरात विमानवाहू नौकेवरसुद्धा काहींना बोलावलं. तुमच्या सहली महाबळेश्वरपर्यंतच जातात! कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्डना ११८७ आणि रेगनना १०७० मतं पडली.

दुसरं अलीकडचं. २०२४ मध्ये बायडेन यांनी प्रायमरीत जवळपास सगळे डेलिगेट जिंकले होते, सुमारे ३,९००. मिशिगनमध्ये गाझाच्या प्रश्नावरून एक लाखाहून जास्त लोकांनी ‘कुणालाही बांधील नाही’ वर खूण केली, त्यांच्या वाट्याला दोन डेलिगेट आले. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि हे सगळे डेलिगेट एका दुपारी मोकळे झाले. मला वाटलं, आता १९२४ परत येणार. पण दोन दिवसांत बहुमताएवढे डेलिगेट कमला हॅरिस यांच्यामागे उभे राहिले. पहिल्या २४ तासांत आठ कोटी डॉलरहून जास्त देणग्या आल्या असं त्यांच्या प्रचारयंत्रणेने सांगितलं. स्वयंसेवकांची रीघ लागली. त्या वर्षीच्या प्रायमरीत राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांच्या नावावर एकाही राज्यात मतदान झालेलं नव्हतं, हे मात्र विरोधक शेवटपर्यंत ऐकवत राहिले, आणि ते खोटं नव्हतं. नोव्हेंबरात हॅरिस हरल्या. जुलैचा उत्साह खरा असूनही तो ठरावीक राज्यांतल्या काही लाख मतांना पुरला नाही.

माझी नात शिकागोजवळ जन्मली, तिकडची नागरिक आहे. २०२८ च्या ऑक्टोबरात अठराची होईल. तिला राजकारणाचं भारी वेड. तिला त्या वर्षीच्या प्रायमरीत काही करता येईल का? डेलिगेट होणं जमेल?
— निवृत्त शिक्षक, सातारा

गुरुजी, मत तर नक्की देता येईल. इलिनॉय राज्यात जो मुलगा किंवा मुलगी नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण करेल त्याला सतराव्या वर्षीच प्रायमरीत मत देता येतं. तिथली प्रायमरी मार्चमध्ये असते. नाव नोंदवायला मात्र तिला आत्ताच सांगून ठेवा.

डेलिगेट होण्यासाठी पक्षाच्या राज्य शाखेकडे अर्ज करावा लागतो, उमेदवाराच्या यंत्रणेने नाव मान्य करावं लागतं, आणि प्रवास, हॉटेल, जेवण हे सगळं सहसा पदरमोड करून. चार दिवसांच्या अधिवेशनात शिकागोकरांनासुद्धा बराच खर्च येतो. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेटांमध्ये बायका आणि पुरुष सारख्या संख्येने असावेत असा नियम आहे, त्याचा तिला उपयोगच होईल. वयाची अट राज्य शाखेकडूनच विचारून घ्यावी.

रिपब्लिकन असेल तर एक गोष्ट तिच्या कानावर घाला. २०१६ ला इलिनॉयमध्ये रिपब्लिकन मतदारांनी प्रत्येक मतदारसंघात तीन डेलिगेट थेट नावाने निवडायचे होते. नावापुढे तो कुणाचा, हे छापलेलं. एका मतदारसंघात ट्रम्प यांचे तीन डेलिगेट उभे होते. त्यांतल्या दोघांची नावं तिथल्या लोकांच्या ओळखीची, तिसऱ्याचं नाव मुस्लिम वळणाचं. तिघांपुढेही ट्रम्प हेच नाव होतं. तिसऱ्याला बाकी दोघांपेक्षा हजारोंनी मतं कमी पडली आणि ती जागा दुसऱ्या उमेदवाराच्या डेलिगेटने नेली. ट्रम्पचा भक्त म्हणून रांगेत उभा राहिलेला माणूस मतपत्रिकेवर येऊन आडनावाशी अडखळला.

नात कुठल्या पक्षाची ते तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून कळवा, म्हणजे त्या पक्षाच्या अर्जाची रीत पुढच्या अंकात सविस्तर देते.